दाढेचा ठणका, आपटलेला दात आणि हाताशी असलेला वेळ

प्रश्न असा आहे: रात्री अचानक दाढ ठणकू लागली किंवा पडल्याने दाताला मार लागला, तर लगेच कोणाकडे जायचे, सकाळपर्यंत थांबले तर चालते का, आणि तोपर्यंत घरी काय करायचे? प्रश्न विचारणाऱ्याने सोबत असेही लिहिले आहे की मागच्या वेळी अशीच दाढ दुखली तेव्हा घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी दुखणे थांबले होते. मग या वेळीही त्याच घेतल्या तर काय बिघडले?

तातडीचे रुग्ण वर्षानुवर्षे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की दुखते किती यावरून घाई ठरवणे हीच बहुतेकांची पहिली चूक असते. रात्रभर येरझारा घालणारा, कळ थेट मस्तकात जाते असे सांगणारा रुग्ण पुष्कळदा सकाळपर्यंत थांबू शकतो. त्याचे हाल होतात, पण त्या काही तासांत त्याच्या जिवाला किंवा दाताला सहसा आणखी धोका होत नाही. याउलट खेळताना ज्याचा पुढचा दात मुळासकट निखळून पडला आहे, त्याला फारसे दुखतही नसते, आणि त्याच्या हातात मात्र मोजकी मिनिटे असतात. तिसरा रुग्ण सर्वांत फसवा. त्याची दाढ चार दिवस दुखत होती, काल ठणका कमी झाला म्हणून तो निर्धास्त झाला, आणि आज हनुवटीखाली सूज येऊन त्याला थुंकी गिळता येत नाही. त्याने दंतवैद्याची वेळ घेण्याच्या भानगडीत न पडता थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायला हवे.

या तिसऱ्यापासूनच सुरुवात करतो. खालच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दाढेच्या मुळांची टोके जिभेखालच्या स्नायूच्या पडद्याच्याही खाली उतरलेली असतात. तिथे साठलेला पू जबड्याच्या आतल्या बाजूने फुटला की तो तोंडात न येता हनुवटीखालच्या आणि मानेच्या सैल जागांत पसरतो. तोंडाचा तळ लाकडासारखा टणक होतो, जीभ वर आणि मागे ढकलली जाते आणि श्वासाची वाट अरुंद होत जाते. विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले, म्हणून तिला लुडविग्ज अँजायना म्हणतात. छातीच्या अँजायनाशी, म्हणजे हृदयाच्या दुखण्याशी, तिचा काही संबंध नाही. थुंकी गिळता न येणे, लाळ गळणे, तोंडात काहीतरी धरून बोलावे तसा आवाज येणे, आडवे पडल्यावर गुदमरल्यासारखे वाटणे, सूज जबड्याखालून मानेकडे उतरणे, हुडहुडी भरून ताप येणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र आहे की दिवस हे पाहू नये. वरच्या सुळ्याची सूज डोळ्याकडे चढून पापणी मिटू लागली, डोळा हलवताना दुखू लागले किंवा एकाचे दोन दिसू लागले, तर तेही याच पंक्तीतले लक्षण आहे. घरच्या घरी करता येईल अशी एक सोपी चाचणी आहे: स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का ते पाहावे. एरवी ती बहुतेकांची जातात. सुजेबरोबर तोंड दोन बोटांइतकेही उघडत नसेल, तर संसर्ग चघळण्याच्या स्नायूंपर्यंत गेला आहे असे समजून त्याच दिवशी दाखवावे.

मार लागला असेल तेव्हाही आधी दाताकडे पाहायचे नसते, माणसाकडे पाहायचे असते. शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, तो असंबद्ध बोलतो आहे का, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्राव येतो आहे का? असे काही असेल तर डोक्याची तपासणी पहिली, दात नंतर. दात एकमेकांवर नेहमीसारखे बसत नसतील किंवा खालचा ओठ बधिर झाला असेल, तर जबडा मोडल्याची शंका घ्यावी. तुटलेला तुकडा किंवा पडलेला दात सापडत नसेल तर तो कुठे गेला हे शोधणे हाही उपचाराचाच भाग आहे. तुकडा फाटलेल्या ओठात रुतून बसतो आणि वरून टाके घातले जातात, असे घडते. आणि सतत खोकला येत असेल तर तो श्वासनलिकेत गेला नाही ना, यासाठी छातीचा एक्स-रे काढावा लागतो.

आता निखळलेल्या दाताविषयी, जरा सविस्तर. बारा वर्षांच्या एका मुलाला त्याची आई घेऊन आली, तो प्रसंग मी विसरलेलो नाही. मुलगा शांत होता, ओठाला लावलेल्या रुमालावर थोडे रक्त होते, आणि आईने पर्समधून कागदी रुमालाची एक नीट घडी काढून माझ्यासमोर उलगडली. आत वरचा मधला दात होता, मुळासकट, पांढराशुभ्र. मातीत पडला होता म्हणून तिने तो साबण लावून, जुन्या ब्रशने घासून, पुसून कोरडा केला होता, आणि वाहनांच्या गर्दीतून माझ्याकडे पोहोचायला तिला सव्वा तास लागला होता. तिने सगळे काळजीनेच केले होते. पण दातातले जे मला वाचवायचे होते, तेच त्या ब्रशने निघून गेले होते आणि उरलेले वाळून गेले होते.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचे एक अत्यंत पातळ अस्तर असते आणि त्या तंतूंनी दात हाडाशी बांधलेला असतो. दात निखळतो तेव्हा हे अस्तर मधोमध फाटते. अर्धे हाडाला राहते, अर्धे मुळाला चिकटून बाहेर येते. मुळावरच्या त्या पेशी जिवंत असतील तर दात परत खाचेत बसवल्यावर तंतू पुन्हा जुळतात. त्या मेल्या असतील तर शरीर मुळाकडे हाडाचाच एक भाग म्हणून पाहू लागते, आणि हाड जसे झिजते व नवे बनते तसे ते हळूहळू मूळ विरघळवून त्या जागी हाड भरते. कोरड्या हवेत या पेशी अर्ध्या तासात बहुतेक मरतात, आणि तासाभरानंतर त्यांची आशा जवळजवळ सोडावी लागते. साधारण १५ मिनिटांच्या आत दात जागेवर गेला, तर निकाल सर्वांत चांगला लागतो. दवाखान्यात पोहोचायलाच त्याहून जास्त वेळ लागतो, त्यामुळे हे काम घटनास्थळीच कोणीतरी करावे लागते. हे ऐकून पालकांचा चेहरा उतरतो, पण प्रत्यक्षात ते वाटते तितके अवघड नाही.

दात जिथे पडला असेल तिथून उचलताना त्याच्या वरच्या भागाला धरावे, म्हणजे तोंडात एरवी जो भाग दिसतो त्याला. मुळाला बोट लावू नये. माती लागली असेल तर दुधात, सलाइनमध्ये किंवा त्या व्यक्तीच्याच लाळेत हलकेच खळबळून घ्यावा. यांतले काहीच नसेल तर थंड पाण्याखाली क्षणभर धरावा. घासू नये, खरवडू नये, पुसू नये. शेजारच्या दाताकडे पाहून पुढची बाजू पुढे येईल असा तो खाचेत ठेवावा, बोटाने सावकाश वर किंवा खाली दाबत जागेवर आणावा, आणि स्वच्छ रुमालाची घडी करून ती चावून धरायला सांगून तसेच दवाखान्यात यावे. थोडा वाकडा बसला तरी हरकत नाही. तो आम्ही सरळ करतो. रुग्ण शुद्धीवर नसेल, झटका येत असेल किंवा खाचच मोडलेली दिसत असेल, तर मात्र हा प्रयत्न करू नये.

धीर झाला नाही, तर दात दुधात टाकून आणावा. दुधातले क्षारांचे प्रमाण पेशींना मानवणारे असते. साध्या पाण्यात बराच वेळ ठेवला तर पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात, म्हणून पाणी हा शेवटचा पर्याय. तरीही कोरड्या रुमालापेक्षा तो बरा. दूध नसेल तर एखाद्या लहान भांड्यात थुंकायला सांगून त्या लाळेत दात बुडवून ठेवावा. गालात धरून आणण्याची पद्धतही सांगितली जाते, पण घाबरलेले मूल दात गिळून टाकते, त्यामुळे लहान मुलांच्या बाबतीत मी ती सुचवत नाही.

हे सगळे पक्क्या दाताविषयी झाले. दुधाचा दात निखळला तर तो कधीही परत बसवू नये, कारण त्याच्या मुळावरच पक्क्या दाताचा अंकुर तयार होत असतो आणि बसवताना तोच दुखावतो. पुढचे पक्के दात साधारण सहा ते नऊ वर्षांच्या दरम्यान येतात. त्या वयात कोणता दात पडला हे कळत नसेल, तर दात दुधात ठेवून फोन करावा आणि विचारावे.

दवाखान्यात आम्ही एक्स-रे काढतो, दात नीट बसवतो आणि शेजारच्या दातांना बारीक तारेने जोडतो. ही तार लवचीक असते आणि साधारण दोन आठवडे ठेवली जाते. प्लास्टरसारखी घट्ट बांधली तर उलट मुळाचे हाडाशी सांधणे वाढते. मुळाचे टोक पूर्ण बनलेले असेल तर आतली नस पुन्हा जिवंत होत नाही, म्हणून दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनल सुरू करावे लागते. लहान मुलांमध्ये टोक अजून उघडे असेल तर नसेत रक्तपुरवठा परत येण्याची शक्यता असते, आणि तिथे थांबून पाहतात. दात मातीत पडला असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनची चौकशी करावीच लागते. त्या मुलाचा दात मी बसवला. तासापेक्षा जास्त वेळ गेला असला तरी बसवणे योग्यच असते, कारण दात काही वर्षे जागा आणि हाड धरून ठेवतो. पण आईला तेव्हाच सांगितले होते की हा दात हाडाशी एकजीव होईल, जबडा वाढेल तसा तो शेजाऱ्यांच्या मानाने आखूड दिसू लागेल आणि एके दिवशी जाईल. झाले तसेच.

दात निखळला नाही, पण मागे-पुढे सरकला, हिरडीत आत घुसला किंवा हलू लागला, तर त्याच दिवशी दाखवावे. दात तुटला असेल तर तुटलेल्या जागी पाहावे. नुसता कोपरा उडाला असेल तर घाई नाही. आतला पिवळसर थर उघडा पडून थंड हवा झोंबत असेल तर एक-दोन दिवसांत यावे. मधोमध गुलाबी ठिपका किंवा रक्ताचा थेंब दिसत असेल, तर नस उघडी पडली आहे आणि शक्यतो त्याच दिवशी यावे. त्या ठिपक्याजवळचा अगदी दोन-एक मिलिमीटर भाग काढून वर औषध भरले, तर कोवळ्या वयातली नस पुष्कळदा वाचते. दंतवैद्य मिओमिर स्वेक यांनी ही पद्धत १९७८ मध्ये मांडली आणि आजही तीच चालते. तुटलेला तुकडा सोबत आणावा, ओला ठेवून. तो बऱ्याचदा जागेवर चिकटवता येतो आणि रंगाला कोणत्याही सिमेंटपेक्षा चांगला जुळतो. आणखी एक गोष्ट: मार लागलेल्या दाताची नस थंडाच्या चाचणीला दोन-तीन महिनेही प्रतिसाद देत नाही आणि नंतर देऊ लागते, त्यामुळे पहिल्याच दिवशी नस मेली असे म्हणून रूट कॅनलला बसवणाऱ्याला ‘थोडे थांबून पुन्हा तपासता येईल का?’ हा प्रश्न जरूर विचारावा.

आता ठणक्याकडे वळू. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एक गृहस्थ पहाटे दारात उभे होते, हातात थंड पाण्याची बाटली. दर मिनिटाला एक घोट घ्यायचे, गालात धरायचे, डोळे मिटायचे. घोट कोमट झाला की ठणका पुन्हा सुरू. अशा रुग्णाचे निदान तो खुर्चीत बसण्यापूर्वीच निम्मे झालेले असते. दाताच्या आत, चारी बाजूंनी कठीण भिंती असलेल्या पोकळीत नस असते. शरीरात दुसरीकडे सूज आली तर ऊती फुगायला जागा असते, इथे ती नसते, त्यामुळे दाब वाढतो आणि प्रत्येक ठोक्याबरोबर ठणका उठतो. आडवे झाल्यावर डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो, म्हणून दाढ रात्री जास्त दुखते. उष्णतेने दाब वाढतो, थंडीने आकुंचन पावून क्षणभर उतरतो, हाच त्या बाटलीचा अर्थ.

थंड लागल्यावर सणक येऊन दोन-चार सेकंदांत गेली, तर नस नुसती चिडलेली असते, आणि कीड काढून सिमेंट भरल्यावर ती सहसा शांत होते. कळ मिनिटभर किंवा त्याहून जास्त रेंगाळते, काही न लागताच आपोआप उठते, झोपेतून जागे करते, तेव्हा नस परत सुधारण्याच्या पलीकडे गेलेली असते. तिथे आतला दाब मोकळा करणे, म्हणजे रूट कॅनलची सुरुवात करणे, किंवा दाढ काढणे, याशिवाय दुखणे खऱ्या अर्थाने थांबत नाही. या टप्प्यात नेमकी कोणती दाढ दुखते हे रुग्णाला बहुधा सांगता येत नाही. खालची दुखत असते आणि बोट वरच्या दाढेवर ठेवले जाते. मात्र डाव्या बाजूचे दुखणे उजव्या बाजूला जात नाही. म्हणून फोनवर ‘हीच दाढ काढा’ असा आग्रह धरू नये. पुढे संसर्ग मुळाच्या टोकाबाहेर गेला की दाढ उंच झाल्यासारखी वाटते, दात मिटताना तीच आधी टेकते, आणि मग रुग्ण बोट ठेवून ती अचूक दाखवतो. मधेच एखाद्या दिवशी ठणका अचानक थांबला तर ते बहुधा बरे होणे नसते. नस मेलेली असते, आणि काही दिवसांनी किंवा महिन्यांनी सूज येऊन हा हिशोब पुन्हा उघडतो. चावून सोडताना, नेमके सोडतानाच, सणक येत असेल तर दाढेला तडा गेला असण्याची शक्यता असते, आणि ती दाढ त्या बाजूने वापरणे लगेच बंद करावे.

सकाळपर्यंत काढायचे असेल, तर ज्याला आयबुप्रोफेन चालते अशा प्रौढाला ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि त्याच्या जोडीला ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, असे दर सहा तासांनी घेता येते. या दोन साध्या गोळ्यांची जोडी दातदुखीवर अनेक ‘जबर’ समजल्या जाणाऱ्या वेदनाशामकांपेक्षा चांगली ठरते. सगळी औषधे धरून पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जाता कामा नये, आणि यकृताचा विकार किंवा नियमित मद्यपान असेल तर मर्यादा त्याहून खाली असते. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असते हे लोक विसरतात. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामकाने बळावणारा दमा, रक्त पातळ ठेवणारी गोळी, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने घेऊ नये. लहान मुलांची मात्रा वजनावर ठरते, आणि त्यांना ॲस्पिरिन देऊ नये. उशी उंच घ्यावी, गालावर बाहेरून थंड पट्टी दहा-पंधरा मिनिटे ठेवावी आणि काढावी, कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात आणि दातांत अडकलेले काही असेल तर धाग्याने हळूच काढावे. गालाला शेक देऊ नये. सूज असेल तर ती शेकाने बाहेर, त्वचेच्या दिशेने येऊ शकते. ॲस्पिरिनची गोळी कुटून हिरडीवर ठेवण्याचा प्रकार अजून चालतो, आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला दाढेबरोबर पांढऱ्या पडलेल्या, भाजलेल्या हिरडीवरही उपचार करावे लागतात. लवंगेच्या तेलाने थोडा वेळ बधिरता येते हे खरे. पण ते कापसाच्या बोळ्यावर अगदी थेंबभर घेऊन किडीच्या खड्ड्यातच ठेवावे, हिरडीला लागले तर तेही भाजते, आणि लहान मुलांच्या हाती ती बाटली लागू देऊ नये.

आता उरलेल्या अँटिबायोटिकविषयी. नसेची सूज म्हणजे बंद डबीतला दाब, त्यावर अँटिबायोटिकचा परिणाम होत नाही. नस मेली असेल तर तिच्यात रक्तपुरवठाच उरलेला नसतो, मग रक्तातून जाणारे औषध तिथे पोहोचणार कसे? अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनातही, प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या प्रौढांना दातावरचा प्रत्यक्ष उपचार लगेच उपलब्ध असताना अशा बहुतेक दुखण्यांसाठी अँटिबायोटिक देऊ नये, असेच सांगितले आहे. मग मागच्या वेळी दुखणे थांबले कसे? बहुधा त्याच दोन-तीन दिवसांत नस मेली, आणि श्रेय गोळीला गेले. ताप, पसरत जाणारी सूज, मानेच्या गाठी अशी लक्षणे असतील तेव्हा अँटिबायोटिक लागतेच, पण तेव्हाही पू बाहेर काढणे हा मुख्य उपचार आणि गोळी त्याच्या सोबतीला. मधुमेह आटोक्यात नसलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र लहानशी सूजही दुसऱ्या दिवसावर ढकलू नये.

प्रत्येक दातदुखी दाताची नसते. सर्दीनंतर वरच्या तीन-चार दाढा एकदम दुखू लागल्या आणि खाली वाकल्यावर दुखणे वाढले, तर सायनसकडे पाहावे. चेहऱ्याला नुसता स्पर्श होताच विजेच्या धक्क्यासारखी काही सेकंदांची कळ येत असेल तर ते चेहऱ्याच्या मज्जातंतूचे दुखणे असू शकते. अशा रुग्णांच्या चांगल्या दाढा निष्कारण काढल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. आणि चालताना किंवा जिना चढताना खालचा जबडा दुखू लागतो, थांबल्यावर कमी होतो, सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप असते, तर ते हृदयाचे दुखणे समजून तातडीने रुग्णालय गाठावे.

दाढ काढल्यानंतरचे दोन प्रसंग थोडक्यात. रक्त थांबत नसेल तर स्वच्छ ओल्या गॉजची घट्ट घडी खाचेवर ठेवून घड्याळ लावून अर्धा तास चावून धरावी, मधे उघडून पाहू नये, थुंकत राहू नये. त्यानंतरही तोंड रक्ताने भरत असेल तर जावे. रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. दुसरा प्रसंग: दोन ते चार दिवसांनी आधीपेक्षा जास्त ठणका, कानापर्यंत जाणारा, आणि तोंडाला दुर्गंधी. खाचेतली रक्ताची गाठ निघून हाड उघडे पडलेले असते. धूम्रपान करणाऱ्यांत हे जास्त होते. खाच धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवली की बहुतेकांना तासाभरात आराम पडतो, अँटिबायोटिक लागत नाही.

दवाखान्याला फोन करताना ‘फार दुखते आहे’ एवढेच सांगितले, तर समोरच्याला काही ठरवता येत नाही. दुखणे कधीपासून आहे, झोप मोडते का, गरम-थंडाने काय होते, सूज कुठे आहे, ताप आहे का, तोंड किती उघडते, गिळता येते का. मार असेल तर किती वाजता लागला आणि दात कशात ठेवला आहे. कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, गरोदरपण आहे का, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून इंजेक्शन किंवा गोळ्या घेतल्या आहेत का, हृदयाची झडप बदललेली आहे का, एवढे सांगितले की दिवसभराच्या गर्दीतही तुमच्यासाठी जागा काढायची की रुग्णालयात पाठवायचे हे दोन मिनिटांत ठरते. गरोदर स्त्रियांना आवर्जून सांगावेसे वाटते: दातांचा एक्स-रे आणि नेहमीचे भुलीचे इंजेक्शन ही भीती बाळगण्यासारखी गोष्ट नाही, पसरणारा संसर्ग अंगावर काढणे त्याहून कितीतरी वाईट.

सुजलेल्या ऊतींमध्ये आम्लता वाढलेली असते आणि त्यामुळे भूल नेहमीसारखी चढत नाही. विशेषतः खालची ठणकणारी दाढ पहिल्या इंजेक्शनला दाद देत नाही. ओठ बधिर झाला आणि तरी दाढ दुखते असे झाले, तर हात वर करून थांबवावे. दुसऱ्या जागी किंवा थेट नसेत आणखी इंजेक्शन देता येते, आणि त्यात रुग्णाच्या सोसण्याची परीक्षा पाहण्यासारखे काही नाही. तातडीच्या त्या पहिल्या बैठकीत सहसा पूर्ण रूट कॅनल होत नाही. दाढ उघडून सुजलेली नस काढली जाते, औषध ठेवले जाते आणि वर तात्पुरते सिमेंट भरले जाते. पुढचे एक-दोन दिवस चावताना थोडे दुखणे स्वाभाविक आहे. सूज चढू लागली तर मात्र लगेच कळवावे.

त्या रात्री रुग्ण पहिल्यांदा शांत झोपतो, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते. ठणका गेला की पुढची वेळ टळते, मग आठवडे, मग महिने. तात्पुरते सिमेंट काही आठवड्यांतच झिजते, कडेने लाळ झिरपते, स्वच्छ केलेली मुळे पुन्हा भरतात, आणि वर कॅप नसलेली पोकळ दाढ एखाद्या साध्या घासाला उभी चिरते. मुळापर्यंत चिरलेली दाढ काढण्यावाचून आमच्याकडेही दुसरा इलाज नसतो. म्हणून खुर्चीवरून उठताना, तोंड अजून बधिर असतानाच, दुसऱ्या बैठकीची तारीख लिहून घ्यावी.